न विचारता पळालेले पाय

कंपनीत मला सगळे ‘कराटे’ म्हणत. कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये कुणीतरी माझ्या बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे पाहिले आणि विचारलं, “हे कसले रं?” मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून माझं नाव फक्त हजेरीपटावर राहिलं.

घर कासूला. वडलांची भातशेती, भात निघालं की त्याच जमिनीत वाल. दहावीनंतर मी पेणला शिकायला जाऊ लागलो तेव्हा तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी कराटेचा वर्ग चाले. महिनाभर मी तो दारातून बघितला आणि एक दिवस चपला काढून आत गेलो. शिकवणारे सर पोस्टात कामाला होते. अंगानं किरकोळ, डोळ्यांवर जाड चष्मा; साडेसातला वर्ग सुटला की घरी जाऊन आंघोळ करून पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकायला बसायचे. आवाज कधी चढवत नसत. पहिले तीन महिने त्यांनी मला नुसतं उभं राहायला शिकवलं. घोड्यावर मांड ठोकल्यासारखे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर समोर. मांड्या थरथरायला लागल्या की म्हणायचे, “मांडीत जा. तिथं काय चाललंय ते बघून ये.”

असं बारा वर्षं चाललं. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, तरी शिफ्ट बघून मी पेण गाठायचो. काळा पट्टा मिळाला. मन आणि शरीर वेगळं राहता कामा नये, असं सर सांगायचे आणि मला मनोमन वाटायचं, आपलं ते झालंय. एकदा पावसाआधी घराची कौलं चाळताना वरून एक कौल निसटलं. खाली आई उभी होती. काय होतंय ते मला कळायच्या आत माझ्या हातानं ते कौल हवेतच धरलं. आईनं ही गोष्ट अख्ख्या कासूत सांगितली. मीही मनात कितीदा तरी सांगून घेतली असेल. माझं शरीर माझ्याआधी धावतं, याचा मला अभिमान होता.

कंपनीत मला एक जोडीदार होता. वरसे गावचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. आम्हा दोघांची पाळी बहुतेक वेळा एकच लागायची. तो मला कराटेवरून चिडवायचा, पण बाहेर कुणाला सांगताना म्हणायचा, “माझ्या जोडीला कराटे हाय, मला कसली भीती.”

त्या दिवशी सकाळची, पहिली पाळी होती. दुपारचे बारा वाजत आले होते. आम्ही दोघं वरच्या लोखंडी माचीवर एका पंपाजवळ काम करत होतो. दादा पाइपांच्या खाली वाकून पान्हा फिरवत होता, मी जिन्याच्या बाजूला उभा. पलीकडच्या लाइनचा एक सांधा सुटला. आधी फुस्स असा आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा, फक्त थांबतच नव्हता. मग पिवळट-हिरवा धूर दिसला.

वर्षातून दोनदा आमच्याकडून या प्रसंगाचा सराव करून घेत. मास्क लावा, वाऱ्याला आडवं होऊन बाहेर पडा, जोडीदाराला सोडू नका. जिन्याच्या तोंडाशीच लाल कपाट होतं, त्यात दोन मास्क टांगलेले असत. सरावाच्या रजिस्टरवर माझी सही होती.

मधलं मला आठवत नाही. आठवतं ते एकदम कँटीनच्या नळाजवळचं. मी नळाखाली तोंड धरून उभा होतो, घसा जळत होता, पायांत बूट होते पण डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सुपरवायझर माझा दंड धरून ओरडत होता, “जोडीदार कुठाय? अरे, जोडीदार कुठाय तुझा?”

तोवर मला तो आठवलाही नव्हता.

दुसऱ्या खात्यातल्या दोघांनी मास्क लावून त्याला बाहेर आणलं. जिन्यावर त्याचा पाय घसरून गुडघा मुरगळला होता आणि तो रांगत तीन-चार पायऱ्या उतरला होता. मी उभा होतो तिथून गाडीत घालताना त्याचे हात दिसले. बोटं उघडत-मिटत होती.

तो वाचला. छाती मात्र कामातून गेली. महिनाभर इस्पितळात, मग घरी. कंपनीनं त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही, घेण्यासारखा तो राहिलाच नव्हता.

मला कुणी दोष दिला नाही. चौकशीत विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी पळालो. साहेब म्हणाले, “बरोबर केलंत. थांबला असतात तर दोघांना उचलावं लागलं असतं.” कँटीनमध्येही सगळे हेच म्हणाले. त्यांना कसं सांगणार, की मी पळायचं ठरवलंच नव्हतं? ठरवून पळालो असतो तर ती माझी भीती असती, माझी चूक असती, तिला काहीतरी तोंड असतं. इथं माझे पाय मला न विचारता गेले होते. लाल कपाटाला माझा खांदा घासून गेला होता. शर्टावर त्याचा रंग लागला होता. बारा वर्षं मी ज्याला आपलं म्हणत होतो ते शरीर पहिल्याच खऱ्या प्रसंगाला मला माचीवर टाकून निघून गेलं.

त्यानंतर ते वारंवार जाऊ लागलं. कंपनीत कुठंही वाफ सुटली, कॉम्प्रेसरनं हवा टाकली की माझे पाय सुटायचे. दोनदा मी प्लँटमधून धावत बाहेर आलो, मागं काहीही झालेलं नसताना. लोक पहिल्यांदा घाबरले, दुसऱ्यांदा हसले. मला पॅकिंगला टाकलं. पेणचा वर्ग मी सोडला. सरांनी दोन पोस्टकार्डं पाठवली, मी उत्तर दिलं नाही.

एका रविवारी घरी मी मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो. सहा महिन्यांची होती. आत कुकरची शिट्टी झाली. मी भानावर आलो तेव्हा अंगणाच्या टोकाला, कुंपणाजवळ उभा होतो. मुलगी आत रडत होती. ती गोधडीवर पडली होती, तिला काही लागलं नव्हतं. बायको धावत आली. तिनं तिला उचललं, थोपटलं. पण त्या दिवसापासून मी मुलीला घेतलं की ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसायची. हसून काहीबाही बोलायची, लक्ष मात्र माझ्या हातांकडे असायचं. आपल्या घरात आपल्यावर असा पहारा बसावा, यापरता माणसाला दुसरा आरसा नको.

मी मुलीला घ्यायचंच सोडलं.

त्याच दिवसांत एकदा कासू स्टेशनात फलाटाच्या कडेला मी उभा होतो आणि मालगाडी येत होती. मी काय विचार करत होतो ते इथं लिहीत नाही. गाडी जवळ आली आणि माझे पाय दोन पावलं मागं आले. तेही त्यांचे तेच. गाडीचे डबे समोरून जात राहिले आणि मी माझ्या पायांकडे बघत राहिलो. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. जगवायचं तेही न विचारता!

समोरून पेणकडे जाणारी गाडी आली तिच्यात बसलो. पेणहून एसटीनं जोह्याला. सर राहायचे जोह्याला, त्यांच्या भावाचा गणपतीचा कारखाना होता. पडवीपर्यंत पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती मांडलेल्या. सर त्यांच्यामधून वाट काढत बाहेर आले. मी बसलोही नाही.

“बारा वर्षं काय शिकवलंत मला?” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर माझा आवाज चढला. कारखान्यातली माणसं बघायला लागली. मी सगळं सांगितलं. दादाचं, कपाटाचं, मुलीचं, नुकतंच स्टेशनावर झालं तेही.

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता एखादं मोठं वाक्य बोलतील. ते म्हणाले, “पाणी पी आधी.” मी प्यायलो. मग म्हणाले, “माझा ठोसा येताना तू कधी डोळा मिटला नाहीस. मला वाटायचं, पोरगं तयार झालं. पण तुला माहीत होतं, मी थांबणार. तेवढं माहीत असलं की झालं, मग शरीर शहाण्यासारखं वागतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.”

“मग आता?”

“आता ठाऊक नाही. उभा राहा.”

मी तिथंच, पडवीसमोरच्या अंगणात, गुडघे वाकवून उभा राहिलो. कितीतरी महिन्यांनी. मांड्या लगेच थरथरल्या. सर मागं काहीतरी करत होते, मला दिसत नव्हतं. आणि एकदम माझ्या पाठीशी फुस्स झालं.

मी थांबलो तो थेट भातखाचरांपलीकडच्या डांबरी रस्त्यावर. परत चालत आलो तेव्हा सर खाली बसून सायकलच्या ट्यूबमध्ये पंपानं हवा भरत होते. मान वर न करता म्हणाले, “ये. उभा राहा.”

त्या दिवशी मी पाच वेळा पळालो. कारखान्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. लाज वाटली, पण मी गेलो नाही. जायला दुसरी जागा नव्हती.

मग आठवड्यातून तीन दिवस पहिली पाळी संपवून मी जोह्याला जाऊ लागलो. मी उभा राहायचो, सर मागं बसायचे. कधी हवा पाच मिनिटांनी सोडत, कधी तासभर सोडतच नसत. कधी मी उभा असेपर्यंत सोडतच नसत आणि निघालो की दारात पाठीमागून सोडत. महिने गेले. पळण्याचं अंतर कमी झालं एवढंच. रस्त्यापर्यंत जायचो तो विहिरीपर्यंत जायला लागलो, मग तुळशीपर्यंत. त्यापुढं गाडी सरकेना. पावसाळ्यात पडवीत, मूर्तींच्या ओळींमध्ये उभा राहायचो, तेव्हा एकदा पळताना माझ्या हाताचा धक्का लागून एका मूर्तीची सोंड तुटली. सरांच्या भावानं जे पाहिलं माझ्याकडे, ते मी घरी घेऊन गेलो.

“हे होणार नाही, सर,” मी म्हणालो.

“नसेल होणार,” सर म्हणाले. “पण एक सांग. पळायच्या आधी पहिलं काय हलतं?”

“काय म्हणजे? मी पळतो.”

“नाही. तू पळत नाहीस, असं तूच म्हणतोस ना? मग कोण पळतं? गुडघा? कंबर? बघून ये.”

ते बघायला मला दोन महिने लागले. दर वेळी कळायचं ते पळून झाल्यावर. आणि मग एका संध्याकाळी ते दिसलं. उजवी टाच. आवाज कानात पुरता शिरायच्याही आधी उजवी टाच जमिनीवरून सुटायची, जेमतेम केसाएवढी. मग श्वास वर ओढला जायचा आणि तिथंच अडकायचा. बाकीचं सगळं त्यामागून. बारा वर्षांत मी त्या टाचेकडे कधी गेलोच नव्हतो. मांडीत गेलो, पोटात गेलो, मुठीत गेलो. टाच कायम जमिनीवरच असते, तिथं काय बघायचं?

त्यानंतर माझं काम एवढंच राहिलं. श्वास सोडायचा, हळू, लांब, आणि तो टाचेपर्यंत सोडत न्यायचा. ऐकायला सोपं आहे. शंभरातून नव्वद वेळा मी चुकलो. तुळशीपाशी जायचो, परत यायचो. सर हवा भरायचे. त्यांचेही गुडघे दुखायला लागले होते, पंप मारताना कण्हायचे. एकदाही ‘आता पुरे’ म्हणाले नाहीत.

दीड वर्षानं एका दिवशी फुस्स झालं, टाच उचलली आणि परत खाली आली. बनियन घामानं भिजला, दात कडकड वाजत होते, छातीत ढोल. पण मी होतो तिथंच होतो. मागून सर म्हणाले, “उद्या परत. याच्यावर भरवसा ठेवू नकोस.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “जोडीदाराकडं गेलास का?”

“गेलो होतो,” मी म्हणालो. खोटं होतं ते. इस्पितळात असताना एकदा मी वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो होतो आणि खोकला ऐकून परतलो होतो. एवढ्या काळात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी वरशाला गेलो. पूर्वी शेतं होती तिथं नवी घरं उठत होती, विटांचे ढीग पडले होते. दादा ओटीवर खाटेवर उशांना टेकून बसला होता. मी त्याला ओळखलं ते मिशीवरून. वहिनी दारात आल्या, मला पाहिलं आणि उभ्याच राहिल्या.

“गो, चाय ठेव,” दादा त्यांना म्हणाला. एवढं बोलूनही त्याला थांबावं लागलं. मग माझ्याकडे वळला. “आलास.”

“दादा, मी...”

“मी हाक मारली व्हती तुला,” तो म्हणाला. तीन-तीन शब्दांवर श्वास घेत होता. “तीन येला. तू जिन्यात व्हतास.”

“मला ऐकू नाय आलं, दादा.”

“नसंल आलं.”

“खरंच नाय आलं.”

“नसंल आलं म्हनतोय ना मी.” त्याला खोकला आला. तो बराच वेळ चालला. वहिनींनी आतून येऊन त्याची पाठ धरली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, “पन मी मारली व्हती.”

क्षमा करतो, असं तो म्हणाला नाही. मीही मागितली नाही. चहा आला. चहात साखर नव्हती. वहिनी विसरल्या होत्या की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. पिऊन टाकला.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्याच्यापुढच्याही. पहिले दोन-तीन महिने वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलत. मी पाणी भरून द्यायचो, औषधं आणायचो, नाहीतर नुसता बसायचो. एकदा त्याला धाप लागली तेव्हा मी म्हणालो, “दादा, श्वास घ्यायची धडपड करू नको. आधी सोड. सावकाश सोड, पायापर्यंत.”

“तुजं कराटे माज्यावर नको,” तो म्हणाला.

पण पुढच्या धापेला त्यानं माझ्याकडे बघून ओठ आवळले आणि श्वास सोडला. मी त्याच्याबरोबर सोडला. मग तेच आमचं बोलणं झालं. तो खाटेवर, मी समोर पाटावर, दोघं मिळून श्वास सोडत बसलेले. त्याची छाती काही त्यामुळं सुधारली नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. फरक पडला तो इतकाच, की आंघोळ करताना तो मध्ये थांबेनासा झाला आणि धाप लागली तर घाबराघुबरा होऊन वहिनींचा हात पिरगळेनासा झाला. वहिनींच्या मनगटावरचे काळेनिळे डाग गेले, त्यावरून मला ते कळलं.

कंपनीत मला परत प्लँटमध्ये घेतलं. मीच मागून घेतलं. पुढं एकदा दुपारीच जोरात फुस्स झालं. टाच सुटली, बसली. मी लाल कपाट उघडलं, मास्क चढवला, एक मास्क हातात घेतला आणि माझ्याबरोबरच्या माणसाकडे गेलो. नुसती वाफ होती. तो माणूस पोट धरधरून हसला. मी मास्क काढून जागेवर टांगला आणि संडासात जाऊन ओकलो. खरी वेळ पुन्हा आली असती तर काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. ती आली नाही. मी निवृत्त झालो तोवर आली नाही. सगळी साधना करून माझ्या हातात हे एवढं न कळणं राहिलं.

मी परत प्लँटमध्ये गेलो तोवर मुलगी चालायला, बोलायला लागली होती. तिला कडेवर घ्यायचं वय मी घालवून बसलो होतो.

अपघातानंतर चौथ्या वर्षी दादा गेला. सकाळी निरोप आला तेव्हा मी पाळीवरच होतो. तसाच, कंपनीच्या कपड्यांत वरशाला गेलो. अंगणात माणसं जमली होती, तिरडी बांधून झाली होती. वहिनी दाराशी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी वर बघितलं आणि तिरडीपाशी उभ्या असलेल्या आपल्या दिराला म्हणाल्या, “फुडला खांदा याला द्या. त्यांनी सांगून ठेवलंय.”

कधी सांगितलं, का सांगितलं, ते मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही. मी पुढं डाव्या बाजूला लागलो. शेवटी तो फार हलका झाला होता. नदीकाठापर्यंत ऊन होतं, वाट खडकाळ, चौघांची पावलं जुळवत चालावं लागत होतं. वाटेत दोनदा माणसं खांदा बदलायला पुढं आली. मी त्यांना मान हलवून नको म्हटलं आणि चालत राहिलो.